एकाच वाटेनं तिथं पोचता येत नाही

गेल्या अंकात कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातल्या पोसायडनविषयी मी दोन परिच्छेद लिहिले होते. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सापडलेला हा काशाचा ग्रीक समुद्रदेव. समुद्रापासून एवढ्या लांब, घाटमाथ्यावर, हातात मावेल एवढी मूर्ती. लेखाच्या शेवटी मी म्हटलं होतं की रोमचे जुने देव मानणारी शेवटची पिढी ‘देवाकडे जायच्या वाटा अनेक’ असं सांगत होती. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा घेतला आहे.

शुक्रवार पेठेतला इतिहासाचा एक विद्यार्थी: ‘वाटा अनेक’ हे नेमकं कोण म्हणालं आणि कशासाठी? आपल्या ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’चाच हा रोमन अवतार समजायचा का?

म्हणणाऱ्याचं नाव क्विंटस ऑरेलियस सिमाकस. इ.स. ३८४ साली तो रोम शहराचा मुख्य प्रशासक होता आणि तंटा एका वेदीवरून होता. सिनेटच्या सभागृहात विजयदेवतेची मूर्ती होती, तिच्यापुढं वेदी. ऑगस्टसनं इ.स.पू. २९ मध्ये ती बसवली. सभासद आत आले की वेदीवर धूप घालायचे, मद्याची धार सोडायचे आणि मग कामकाजाला बसायचे. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. ३५७ मध्ये कॉन्स्टँशियस बादशहानं वेदी हलवली, पुढं ती परत आली आणि ३८२ मध्ये ग्रेशियननं पुन्हा काढायला लावली. वेस्टा देवीच्या कुमारिकांना आणि जुन्या पुजाऱ्यांना सरकारातून मिळणारा पैसाही त्यानं तोडला. वर्षभरात ग्रेशियन मारला गेला. मिलानच्या दरबारात आता त्याचा धाकटा भाऊ, दुसरा व्हॅलेंटिनियन, वय तेराच्या आसपास. सिमाकसनं अर्ज केला तो या पोराकडे.

अर्ज अजून शाबूत आहे आणि तो सावकाश वाचावा असा आहे. सिमाकस त्यात खुद्द रोमलाच बोलायला लावतो. ती म्हातारी होऊन बादशहापुढं उभी राहते आणि म्हणते, माझ्या वयाचा मान राखा. याच पूजेनं जग माझ्या कायद्याखाली आलं, यानंच शत्रू सेनापती हॅनिबलला माझ्या तटावरून माघारी लावलं. मी स्वतंत्र आहे, मला माझ्या रीतीनं जगू द्या. मग ती प्रसिद्ध वाक्यं येतात. सगळे पाहतात ते तारे तेच, आकाश सगळ्यांचं, आपल्याला वेढणारं जग एकच. कोण कुठल्या शहाणपणानं सत्य शोधतो यानं काय बिघडतं? एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेनं पोचता येत नाही.

पुढचंच वाक्य मात्र सहसा कुणी सांगत नाही. सिमाकस म्हणतो, ही सगळी रिकाम्या माणसांची चर्चा झाली, आम्ही आत्ता वाद घालायला आलो नाही, विनंती करायला आलो आहोत. तिथून अर्ज पैशांवर वळतो: कुमारिकांना मृत्युपत्रानं मिळणाऱ्या जमिनी सरकारनं का धराव्यात, आदल्या वर्षीचा दुष्काळ हा त्याच पापाचा परिणाम नव्हे काय, वगैरे. मला हे सगळं महत्त्वाचं वाटतं. ते सुंदर वाक्य एका हरत चाललेल्या पक्षाच्या अर्जात आलेलं आहे, आणि ज्या वेदीसाठी आलं ती साम्राज्याच्या विजयाची वेदी होती.

मिलानचा बिशप अँब्रोजनं उत्तर दिलं, आणि तेही दमदार आहे. तुम्ही जे अंदाजानं चाचपडता ते आम्हाला देवाच्या स्वतःच्या शब्दातून कळलं आहे, असं तो सुनावतो. वेदी परत बसवलीस तर चर्चमध्ये ये, पण तुला तिथं पुजारी भेटणार नाही, असा दमही बादशहाला देतो. आणि एक सवाल टाकतो: तुमच्या देवळांनी किती कैदी पैसे भरून सोडवले, किती गरिबांना जेवू घातलं, ते मोजून दाखवा. या सवालाला सिमाकसकडे उत्तर नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. मन माझं सिमाकसकडे ओढतं, तरी गरिबांच्या पानाचा हिशेब मागणारा अँब्रोज मला नाकारता येत नाही. याच अँब्रोजनं चार वर्षांनी, जमावानं जाळलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ तिथल्या बिशपनं बांधून द्यावं हा थिओडोसियस बादशहाचा हुकूम मागं घ्यायला लावला, हेही विसरता येत नाही.

‘एकं सत्’चं म्हणाल तर ऋग्वेदातली ती ऋचा सत्याविषयी बोलते, ते एक आहे असं ठाम सांगते. सिमाकस तेवढं धाडस करत नाही. सगळ्या वाटा पोचतात असंसुद्धा तो म्हणत नाही, एक वाट पुरायची नाही एवढंच म्हणतो. सगळ्या नद्या सरळ किंवा वाकड्या जाऊन शेवटी समुद्राला मिळतात, तशी माणसं तुलाच मिळतात, हे शिवमहिम्न स्तोत्रातलं आश्वासन त्याच्यापाशी नाही. मला तो त्यामुळंच जास्त जवळचा वाटतो.

महाद्वार रोडवरच्या एक गृहिणी: आमच्या देवीला कुणी अंबाबाई म्हणतं, कुणी महालक्ष्मी. यावरून भांडणं होतात. त्या लोकांतही असं होतं का?

होतं, आणि त्यांनी त्यावर फार विचार केला होता. ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात पुजारी असलेला लेखक प्लुटार्क, इ.स. १००च्या पुढंमागं, लिहितो की ग्रीकांचे देव वेगळे आणि परक्यांचे वेगळे असं नसतं. सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी, समुद्र सगळ्यांचे सामाईक, नावं मात्र ज्याची त्याची. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस म्हणतो, झ्यूस म्हणा, ज्यूंसारखं अदोनाय म्हणा की इजिप्तवाल्यांसारखं आमून म्हणा, फरक पडत नाही. ख्रिस्ती ऑरिजेनला हे मुळीच पटलं नाही, आणि त्यानं ते खोडण्यासाठी उतरवून घेतलं म्हणूनच सेल्सस आज आपल्याला वाचता येतो.

तुमच्या प्रश्नाला अगदी भिडणारं उदाहरण रोमन लेखक अप्युलियसच्या कथेत आहे. गाढव झालेला नायक समुद्रकाठी देवीची करुणा भाकतो आणि देवी प्रकटते. ती स्वतःची नावं सांगत जाते: फ्रिजियात मी देवांची आई, अथेन्सला मिनर्व्हा, सायप्रसला व्हीनस, क्रीटमध्ये डायना, सिसिलीत प्रोसर्पिना, एल्यूसिसला सिरीस, कुणाची जूनो, कुणाची हेकटी. ऐकताना नवरात्रातली नामावळी कानाशी येते. पण शेवटी ती म्हणते, इजिप्तचे लोक मात्र मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारतात: आयसिस.

बघा, सगळी नावं आपली म्हणून झाली आणि खरं नाव तेवढं एकच ठेवलं. गीतेच्या नवव्या अध्यायातला श्लोक तुम्हाला पाठ असेल. दुसऱ्या देवांचे भक्तसुद्धा श्रद्धेनं भजतात तेव्हा मलाच भजतात, असं म्हणून भगवंत पुढं ‘अविधिपूर्वकम्’ असं जोडतात. ते येतात माझ्याकडेच, फक्त रीत सोडून. हा उदारपणा खरा आहे, आणि त्यात दुसऱ्याला आपल्या घरात खालच्या पाटावर बसवणंही आहे. दोन्ही एकदमच खरं आहे, आणि मला वाटतं की भांडणं सुरू होतात ती याच ठिकाणी.

आपल्या देवीच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. नवरात्रात तिला तिरुपतीहून शालू येतो तो लक्ष्मी म्हणून. जैन परंपरेत तिला पद्मावती म्हणणारेही आहेत. पहाटे काकडआरतीला उभ्या असलेल्या बाईला यातलं कुठलं नाव पक्कं असतं? ‘आईसाहेब’ म्हणून ती हात जोडते. नाव ठरवायची घाई, माझ्या पाहण्यात, गाभाऱ्याच्या बाहेर बसलेल्यांनाच जास्त असते.

राजारामपुरीतले एक निवृत्त बँक अधिकारी: एवढे सहिष्णू होते तर ख्रिस्ती लोकांना सिंहापुढं कुणी टाकलं?

त्यांनीच. हा प्रश्न यायलाच हवा होता.

रोमन राज्यात देव कितीही चालायचे. बाहेरून आलेली आयसिस, सीरियाचा सूर्य, फ्रिजियाची माता, सगळ्यांना जागा मिळाली. अट एकच, की सार्वजनिक पूजेत तुम्ही हात लावायचा. गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीसारखं ते होतं: घरात कुणाला पुजायचं ते पुजा, पण वर्गणी दिली नाहीत तर गल्लीशी फटकून वागता असं धरलं जाणार. देव कोपले तर पीक सगळ्यांचंच जातं, शत्रू सगळ्यांवरच येतो, असा त्यांचा विश्वास होता. ज्यूंना जुन्या वाडवडिलांच्या धर्माचे म्हणून बहुतेक वेळा सूट असे. ख्रिस्ती लोकांपाशी वाडवडिलांचा दाखला नव्हता, आणि ते हात लावायला तयार नव्हते.

डेसियस बादशहानं २४९ च्या अखेरीस साऱ्या प्रजेला बळी द्यायचा हुकूम काढला, आणि तो दिल्याचं प्रमाणपत्र घ्यायला लावलं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत ही प्रमाणपत्रं टिकली, चाळीसहून जास्त सापडली आहेत. एक २६ जून २५० चं आहे. ऑरेलियस डायोजेनिस, बाप साताबूस, गाव अलेक्झांडरचं बेट, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. तो लिहून देतो की मी आजवर देवांना बळी देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे बळी दिला, धार सोडली, प्रसाद चाखला, तरी खाली सही करावी ही विनंती. भुवईवरचा तो व्रण वाचला की माझ्या अंगावर काटा येतो. सरकार एका म्हाताऱ्या खेडुताची श्रद्धा तपासतं आणि ओळख पटावी म्हणून त्याच्या चेहऱ्यावरची खूण टिपून ठेवतं. दुसरं एक प्रमाणपत्र पेटेसूखोस या मगर-देवाच्या पुजारणीचं आहे. जिचं आयुष्य देवळात गेलं तिलाही दाखला काढावा लागला.

पुढं ३०३ पासून डायोक्लेशियनच्या काळात पुस्तकं जाळली, चर्चं पाडली, माणसं मारली. शेवटी ३११ मध्ये आजारानं खंगलेल्या गॅलेरियस बादशहानं छळ थांबवला, आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्या देवाकडे राज्यासाठी प्रार्थना करावी असंही हुकुमात घातलं. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या बादशहांनी सगळ्यांनाच मोकळीक दिली. म्हणजे सिमाकस ‘मला माझ्या रीतीनं जगू द्या’ म्हणाला त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधी हीच मागणी त्याच्या पक्षाकडे दुसरे करत होते. ‘वाटा अनेक’ म्हणणारा तेव्हा सत्तेवर होता की सत्तेतून चालला होता, हे मी नेहमी आधी बघते.

न्यू महाद्वार रोडवरचे एक वाचक: हे विचार त्यांनी आपल्याकडून घेतले का?

घेतल्याचा पुरावा नाही, आणि माणसाच्या मनात सारखा विचार दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उगवू शकतो. ओढ मात्र होती. प्लोटायनस हा तत्त्वज्ञ २४३ मध्ये गॉर्डियन बादशहाच्या फौजेबरोबर पूर्वेकडे निघाला तो इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान शिकायला मिळेल म्हणून. बादशहा मारला गेला, मोहीम फसली आणि प्लोटायनस कसाबसा परतला. त्याचा शिष्य पॉर्फिरी मांस सोडावं म्हणून लिहिताना ब्राह्मण आणि श्रमण यांच्या राहणीचं वर्णन देतो. याच पॉर्फिरीची एक कबुली ख्रिस्ती बिशप ऑगस्टिननं जपून ठेवली आहे: आत्म्याच्या सुटकेची सगळ्या लोकांना लागू पडेल अशी एक वाट आपण शोधली, तत्त्वज्ञानात, भारतीयांच्या आचारात, इतरांच्यात, आणि ती अजून आपल्या माहितीत आलेली नाही. एवढा वाचलेला माणूस असं मोकळेपणानं लिहितो याचं मला फार मोल वाटतं. ऑगस्टिनला ही हार वाटली. ती वाट म्हणजे ख्रिस्त, असं त्यानं लगेच पुढं मांडलं.

ब्रह्मपुरीचा पोसायडन मात्र विचारांबरोबर आलेला नाही, व्यापाराबरोबर आला. ज्या घरात तो होता तिथं त्याला कुणी हळदकुंकू लावलं की नुसता शोभेला ठेवला, हे मूर्तीवरून सांगता येत नाही.

गडहिंग्लजच्या एक महाविद्यालयीन शिक्षिका: बोलणारे पुष्कळ. दुसऱ्याच्या देवाचं खरोखर काही करणारा कुणी होता का?

ताई, या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. होता. प्रोक्लस, जन्म ४१२, मृत्यू ४८५, अथेन्सच्या प्लेटोच्या परंपरेचा प्रमुख. त्याचा शिष्य मरिनस यानं त्याचं चरित्र लिहिलं आहे. दिवसाची सुरुवात सूर्याला वंदन, पुन्हा मध्यान्ही, पुन्हा मावळतीला. दर महिन्याला समुद्रस्नान. फ्रिजियाच्या मातेचा महिन्याचा उपवास तो पाळायचा, इजिप्तवाल्यांचे वर्ज्य दिवस त्यांच्यापेक्षा कडक पाळायचा, शिवाय आपले वेगळे उपवास होतेच. मांसाला जवळजवळ शिवायचा नाही. विधीपुरतं लागलं तर चाखून बाजूला ठेवायचा. तुमच्या-माझ्या आजीला हे पंचांग सहज समजलं असतं.

त्यानं स्तोत्रं रचली ती फक्त ग्रीक देवांची नव्हेत. गाझाचा मार्नास, अस्कलॉनचा सिंहवाला आस्क्लेपियस, अरबांचा थ्यांड्रिटीस, फिलीची आयसिस, अशा सगळ्यांची. गाझाच्या मार्नासचं देऊळ ४०२ मध्येच पाडलं गेलं होतं, प्रोक्लसच्या जन्माच्याही आधी. ज्या देवाला छप्पर उरलेलं नाही, जो आपल्या गावचा नाही, ज्याच्या पूजेवर कायद्यानं बंदी आहे, त्याचं स्तोत्र तो बसून रचतो. मरिनस सांगतो की तो नेहमी म्हणायचा, तत्त्वज्ञ माणसानं एका नगराचा किंवा मोजक्या लोकांचा पुजारी असू नये, साऱ्या जगाचा पुजारी असावं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बाजूला ठेवलं असतं. यानं उपवास काढून म्हटलं आहे.

अथेन्सच्या पार्थेनॉन देवळातून अथीना देवीची मूर्ती हलवली गेली तेव्हा त्याला स्वप्न पडलं: एक देखणी बाई येऊन म्हणाली, घर आवरून ठेव, अथेन्सची स्वामिनी तुझ्याकडे राहायला येणार आहे.

कोल्हापुरात दुसऱ्याचं करणारी माणसं शोधायला ग्रंथ उघडावा लागत नाही. मोहरमला बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर पंजा बसतो तेव्हा नवस बोलायला येणाऱ्यांची आडनावं विचारून बघा. गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र येतात त्या वर्षी आपल्या तालमींतून पंजा आणि गणपती शेजारी-शेजारी बसतात. मोहरमच्या नैवेद्याचे गोड चोंगे करणाऱ्या कितीतरी चुली हिंदूंच्या घरात पेटतात. या बायकांना वाटांचं तत्त्वज्ञान विचारलं तर त्या सांगणार नाहीत. पीठ मळताना कुणी बोलायचं नाही, सोवळ्यानं करायचं, आधी कुणी चाखायचं नाही, एवढं मात्र लेकीला बजावून सांगतील.

यावरून आपल्या गावात सगळं आलबेल आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. या गावातली दगडफेकही आपण पाहिली आहे. चोंगे करणारी घरं आणि दगड उचलणारे हात एकाच गावात असतात, रोममध्येही होते.

इचलकरंजीचे एक माध्यमिक शिक्षक: ‘सगळे धर्म सारखेच’ हे मला भोंगळ वाटतं. असं म्हणणारे कुठलाच धर्म नीट पाळत नाहीत. ऑगस्टिनचा ठामपणा बरा नाही का? आणि नववीच्या मुलांना मी यातलं काय सांगू?

सर, ‘सारखेच’ मलाही पटत नाही. प्रोक्लसलाही पटलं नसतं, नाहीतर प्रत्येकाचे उपवास वेगवेगळे कशाला धरायचे?

ऑगस्टिनचा ठामपणा कसा घडला ते पाहण्यासारखं आहे. ३८४ मध्ये मिलानला वक्तृत्व शिकवायच्या जागेवर त्याची निवड केली ती सिमाकसनं. दोन वर्षांनी ऑगस्टिन ख्रिस्ती व्हायच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा त्यानं आपल्या एका पुस्तकात लिहिलं की शहाणपणाशी एकरूप व्हायला एकच वाट नाही. म्हातारपणी, ४२६-२७च्या सुमारास, आपली सगळी पुस्तकं तपासायला बसला तेव्हा या वाक्यापाशी थांबला आणि म्हणाला, हे मी बरोबर लिहिलं नाही. ख्रिस्ताशिवाय दुसरी वाट आहे असा त्याचा अर्थ होईल. त्याचा प्रामाणिकपणा मी मानते. पण धर्मभ्रष्टांना बळानं वळवायला सरकारची मदत घेणं योग्य, असंही तो मधल्या वर्षांत शिकला होता. ठामपणा तेवढ्यावर थांबत नाही ही माझी अडचण आहे.

सहिष्णुतेसाठी ‘सारखेच’ म्हणावं लागत नाही, याचे त्या काळातले दाखले मुलांना सांगता येतील. थेमिस्टियस नावाचा तत्त्वज्ञ १ जानेवारी ३६४ ला अंकिरा इथं, म्हणजे आजच्या अंकारात, ख्रिस्ती बादशहा जोव्हियनसमोर बोलला. देव एकच, पण सीरियावाल्यांची रीत वेगळी, ग्रीकांची वेगळी, इजिप्तवाल्यांची वेगळी, आणि ही विविधता देवालाच आवडते, असं त्यानं मांडलं. आणि त्याही आधी एक साधी गोष्ट सांगितली: बादशहा पुष्कळ गोष्टींची सक्ती करू शकतो, पण माणसाच्या आतल्या भक्तीची नाही. शरीर माराल, मन निसटेल. जोव्हियन महिन्या-दीड महिन्यात वारला.

आता दोन राज्यं शेजारी ठेवा. एक ज्युलियनचं, ३६१ ते ३६३. जुन्या देवांचा शेवटचा बादशहा, बुद्धिमान, व्रतस्थ. प्रत्येक लोकसमूहाला त्याचा त्याचा देव नेमून दिलेला आहे असं तो मानायचा, जेरुसलेमचं ज्यूंचं मंदिर पुन्हा बांधायला त्यानं हात घातला. पण त्यानंच ३६२ मध्ये ख्रिस्ती शिक्षकांना होमर वगैरे शिकवायला बंदी केली. देवांवर विश्वास नाही तर त्यांची काव्यं शिकवू नका, असं त्याचं म्हणणं. त्याचा चाहता आणि जुन्याच धर्माचा इतिहासकार अम्मियानस म्हणतो, हा हुकूम कायमचा गाडून टाकावा असा होता.

दुसरं पहिल्या व्हॅलेंटिनियनचं, ३६४ ते ३७५. हा ग्रेशियनचा आणि त्या तेरा वर्षांच्या पोराचा बाप. ख्रिस्ती, शिपाईगडी, भयंकर तापट. अम्मियानसनं त्याच्या क्रूरपणाची पानंच्या पानं भरली आहेत. अनेक वाटांवर त्याचं एकही सुंदर वाक्य नाही. पण ३७१ च्या एका कायद्यात तो आठवण देतो की ज्याच्या मनात जे मुरलं आहे ते पुजायची मोकळीक मी राज्याच्या सुरुवातीलाच दिली आहे. अम्मियानस लिहितो की धर्मांच्या मतभेदांत हा मधोमध उभा राहिला, कुणाला त्रास दिला नाही, हे पुजा की ते पुजा असा हुकूम काढला नाही.

नववीच्या मुलांपुढं ही दोन्ही राज्यं ठेवा. मग त्यांना विचारा, तुमचे वडील शाळेत शिकवत असते आणि त्यांचा देव बादशहाच्या देवाहून वेगळा असता, तर तुम्हाला यातल्या कुणाच्या राज्यात राहायला आवडलं असतं. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि त्यातली काही मला जरूर पाठवा.